हप्ता, हिशेब आणि गाडी: पैसे कुठे गळले ते लिहा

लेथवाला, भोसरी

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या भाच्याला गाडीचे डोहाळे लागले. शोरूममधून महिन्याच्या हप्त्याचा आकडा घेऊन आला. मला विचारायला आला ते काय, तर पांढरी घेऊ का लाल. व्याज किती, मुदत किती, काही पत्ता नाही. तेव्हाच हा धागा काढायचं डोक्यात आलं. कुठलं मॉडेल भारी ते इथे नको. आपापले आकडे लिहा, फसलेले असतील तर आधी ते.

माझ्यापासून सुरुवात. दोन सीएनसी मशिनं, काम इंजिनातल्या व्हॉल्व्ह गाइडचं, ऐंशी टक्के माल एकाच पार्टीला. पेमेंट ९० दिवसांनी. पण बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचाच, पार्टीने पैसे दिलेत की नाही हे सरकार विचारत नाही. म्हणजे १० लाखांचं बिल झालं की कच्च्या मालावर आधीच भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाऊन उरलेला कर मी सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून) काढून भरायचो, वर त्याचं व्याज. अशी दोन वर्षं गेली. धंदा वाढतोय या आनंदात ते दिसलंच नाही. २०१९ च्या मंदीत पार्टीची ऑर्डर निम्म्यावर आली तेव्हा कळलं की सीसी पूर्ण वापरलेली आहे आणि हातात फक्त येणी आहेत.

नंतर १ एप्रिल २०२४ पासून इन्कमटॅक्सचं नवीन कलम लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. आठवड्याभरात पार्टीच्या परचेसमधून फोन: "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची नोंदणी) तेवढं काढून टाका की, दोघांनाही सोपं जाईल." नाही काढलं. पेमेंट ४५ दिवसांवर आलं आणि काम एक तृतीयांशाने कमी झालं. आता शेतीपंपाचे शाफ्ट करतो. मार्जिन कमी आहे, पण चार पार्ट्या आहेत आणि एक शिंकली म्हणून मला सर्दी होत नाही.

गंगापूररोड, नाशिक

धंद्यातलं मला कळत नाही, मी शाळेत गणित शिकवते. म्हणूनच जास्त लाज वाटते.

२०२१ मध्ये घरासाठी ३० लाख, २० वर्षं, ६.५ टक्के, हप्ता २२,३६७. मे २०२२ पासून रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) वाढत फेब्रुवारी २०२३ ला ६.५ वर गेला आणि आमचा दर ९ झाला. हप्ता मात्र तोच कापला जात होता, म्हणून आम्ही खुशीत. "आपल्याला काही झळ नाही बसली," असं मी स्टाफरूममध्ये सांगितलंसुद्धा.

एका रविवारी सहज स्टेटमेंट काढलं. शिल्लक २८ लाख ८० हजार. त्यावर ९ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज २१,६००. म्हणजे २२,३६७ मधले ७६७ रुपये मुद्दलात! बँकेने हप्ता न वाढवता मुदत लांबवली होती आणि माझ्या निवृत्तीच्या पुढे नेऊन ठेवली होती. बँकेत गेले तर म्हणाले, मेसेज पाठवला होता. असेल.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायलाच हवं. मी हप्ता वाढवून घेतला आणि दोन एफडी मोडून मुद्दलात भरल्या. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा कमी हप्त्याचा पर्याय आला, तो घेतला नाही. ह्यांचं म्हणणं होतं घ्यावा. आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

मीटरडाऊन, डोंबिवली

मॅडम, तुम्हाला स्टेटमेंट तरी कळलं. मी रिक्षावाला.

रिक्षाला २,४०,००० चं लोन, चार वर्षं, "दादा, फक्त आठ टक्के." हप्ता ६,६००. मुलगी बारावीला आहे, तिने मोबाइलवर मांडलं आणि म्हणाली, पप्पा, आठ टक्क्याने ५,८५९ यायला पाहिजे. एजंटाला विचारलं तर तो हसला. त्याचे आठ टक्के फ्लॅट. म्हणजे शेवटच्या महिन्यातही पूर्ण २,४०,००० वर व्याज धरलेलं, मी फेडत आलोय त्याचा हिशेबच नाही. पोरीने उलटं गणित केलं, खरा दर चौदाच्या पुढे निघाला. चार वर्षांत ३५ हजारांवर जास्तीचे. माझे दोन महिन्यांचे गॅसचे पैसे.

आधीची रिक्षा होती तेव्हा लॉकडाऊनमध्ये सहा महिने हप्ता थांबवला होता. स्टँडवर सगळ्यांना वाटलं माफ झाला. व्याज चालूच होतं. पण खरं सांगू, तेव्हा थांबवला नसता तर खाल्लं काय असतं? त्याचा पस्तावा नाही. फ्लॅटचा आहे.

कृष्णाकाठ, सांगली

ऑगस्ट २०१९ चा पूर. गाडी पार्किंगमध्ये, पाणी सीटपर्यंत. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी काय केलं तर किल्ली फिरवली. चालू होते का बघू म्हणून. एकदा खर्रर्र आवाज आला आणि बंद. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने सीट, वायरिंग, आतलं सगळं मंजूर केलं, इंजिन नाही. पाण्यात गेलेली गाडी स्टार्ट केल्याने झालेलं नुकसान साध्या फुल इन्शुरन्समध्ये बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. त्याचा हप्ता त्या वर्षी मीच वाचवला होता. बॅटरीची वायर काढून टोइंग बोलवायचं, एवढंच करायचं होतं.

बॅटरीवाला, सातारा

करकपातीचा धागा निघालाय तर दुकानदाराचंही ऐका.

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि १६ पासून गिऱ्हाईक "दिवाळीत बघू" म्हणायला लागलं. दर लागू झाले २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे मी गणपतीसाठी भरलेला माल पुसत बसलो. बॅटरी म्हणजे काही नटबोल्ट नव्हे. पडून राहिली की उतरते, मधून मधून चार्ज करावी लागते, आणि गिऱ्हाईक आता तारखेचा कोड वाचायला शिकलंय.

शिवाय ५,००० मूळ किमतीच्या बॅटरीवर मी खरेदीत १,४०० कर भरलेला, विक्रीत वसूल होणार नऊशे-हजार. फरक बुडत नाही, जीएसटीच्या क्रेडिट लेजरला (खात्यावर) दिसत राहतो. पण त्याने कामगाराचा पगार होत नाही. सीए म्हणाले, रिफंड नाही, पुढच्या करात वळवत राहा. वळवतोय. २२ तारखेनंतर गर्दी झाली हेही खरं, मात्र ती आधी थांबलेलीच गिऱ्हाइकं होती.

@कृष्णाकाठ, तुमच्यासारखे वर्षाला दहा येतात. रागावू नका.

रंकाळा

जुनी गाडी विकताना लक्ष ठेवा. मी विकली, पैसे घेतले, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून दिल्या आणि विसरलो. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही. दीड वर्षाने अपघाताची नोटीस माझ्या नावाने. आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईच्या दाव्यात त्यालाच धरतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये तेच सांगितलंय. सध्या तारखांना जातोय. ट्रान्सफर होईपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवा.

लेथवाला, भोसरी

भाच्याला शेजारी बसवून सगळं वाचायला लावलं. मीटरडाऊनदादांचं दोनदा. त्याने तिथल्या तिथे शोरूमला फोन लावून विचारलं, तुमचं व्याज फ्लॅट का रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर? पलीकडून उत्तर आलं, "सर, विचारून सांगतो." त्याला आज चार दिवस झाले. गाडी पांढरी घ्यायची, एवढं मात्र पक्कं आहे.