प्रतिसाद: भाचीला पुढचं कळतं, त्याबद्दल

खानापूरकडच्या भाचीला पुढचं कळतं आणि ती ते घरात लपवते, असं वर लिहिलंत. लपवते ते बरंच करते. आपल्याकडे अशी गोष्ट फुटली की कुणी देवीचं वारं म्हणतं, कुणी थेट सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरावर न्यायची भाषा करतं. केसांत जट धरली एवढ्यावरून देवदासी म्हणून यल्लम्माला सोडलेल्या मुली या भागानं पाहिल्यात. कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२चा कायदा आला, अघोरी प्रथांविरुद्ध २०१७चा. पण शेजारणींच्या कुजबुजीला कायदा कुठं अडवतो?

तिला एक वही द्या. पुढं जे होईल असं तिला वाटतं ते, घडायच्या आधीच, तारीख टाकून लिहू दे, चुकलेलं खोडायचं नाही. खरं ठरलेलं लक्षात राहतं, चुकलेलं विसरून जातं, त्यातूनच बहुतेक वेळा शक्तीचा भास होतो. असे दावे तपासणारे अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी अशी शक्ती सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते, ते कुणालाच मिळाले नाहीत. पण हे तिला वाद घालत सुनावू नका. आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, तर मात्र धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. आणि वही तिचीच, आईनंही न विचारता उघडू नये.