थायलंड की दुबई? इंग्रजी शिकवायला जायचंय, कागदपत्रांचं काय?

प्रश्न (सिडको_नाशिक): एम.ए. इंग्रजी, बी.एड. आहे. पुणे विद्यापीठाची पदवी. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो. चालेल का? दुबईत घरी शिकवण्या घेता येतात का?

उत्तर १: टुरिस्ट व्हिसावर शिकवणं थायलंडमध्ये सरळ बेकायदा. पकडलं तर शाळा हात वर करते, दंड नि हद्दपारी तुमच्या गळ्यात. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (कामासाठीचा) आणि वर्क परमिट, दोन्ही लागतात. १२० तासांचं टेफल (इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स) करून ठेवा.

उत्तर २: कागदांत खरी गंमत. आपल्या पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी फाईल अडते. आधी तेच जुळवा. पदवी लॅमिनेट केली असेल तर काढा, शिक्के मागच्या बाजूला बसतात. क्रम असा: राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास. दुबईसाठी नुसतं अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, जो करारातले देश दूतावासाशिवाय मानतात) चालत नाही, यूएई म्हणजे दुबईचा देश त्या करारात नाही. पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा, पण शेवटी. लवकर काढलं तर शिळं होतं.

उत्तर ३: दुबईत खासगी शिकवणीला परवाना लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, फुकट, दोन वर्षांचा. त्याशिवाय शेजारच्या पोरालाही पैसे घेऊन शिकवू नका. आणि एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकऱ्यांच्या एजंटांची नोंद असलेली सरकारी वेबसाईट) नोंदलेला आहे का बघा; नसेल तर कॉलेज रोडवरचं कितीही चकाचक ऑफिस असो, रामराम ठोका.