वढवाण्यातल्या भोवत्याचे फोटो मऊ, धूसर येतात. लेन्स बदलावी का?

पाणथळ_३९०
वडोदऱ्याजवळच्या वढवाणा तलावावर दलदली भोवत्या (मार्श हॅरियर, शिकारी पक्षी) पाणगवतावरून फिरताना टिपायचा आहे. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा), १५०-६०० झूम, ६०० वर एफ ६.३, शटर १/१०००, आयएसओ ऑटो, वेळ सकाळी १० ते ११. पक्षी अंदाजे दीडशे मीटरवर. शंभरातले पाच फोटोही कडक नाहीत. आकाशावर आला की काळा ठिपका, गवतावर आला की फोकस मागच्या गवतावर. दुकानदार महागडी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या म्हणतो. खरंच लेन्सचा दोष आहे का?
दुसरं म्हणजे, आजवा रस्त्यावर झाडात बसलेला एक शिक्रा मिळालाय. चोच जरा सरळ वाटते. छातीवर पट्टे आहेत, शेपटीवरही.

उन्हाची_झळ
लेन्स विकू नका, घड्याळ बदला. १० ते ११ या वेळात तापलेली जमीन आणि गार पाणी यांच्यावरची हवा थरथरत असते. दीडशे मीटर हवेतून लाखाची लेन्ससुद्धा तेच मऊ चित्र देते, फक्त जास्त पैशांत.

आधी दोष कुठला ते ओळखा. एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) दहा फोटो १०० टक्क्यांवर उघडा. दर फोटोत मऊपणा वेगळा, पंखाची कड नागमोडी आणि गवताच्या काड्या दुहेरी दिसत असतील तर हवा. पक्षी मऊ पण मागची किंवा पुढची काडी कडक असेल तर फोकस. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात हललाय.

आता हिशोब. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर, म्हणजे ६०० वर दीडशे मीटरला चौकटीत जेमतेम ५.९ मीटर रुंदी मावते. भोवत्याचा पंखविस्तार सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीचा पाचवा भाग आणि एक पिक्सेल सुमारे १ मिलिमीटर. पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा गेला आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरला नाही, तर १/१००० ला दहा पिक्सेल घसरतो, १/२५०० ला चार. पॅनिंग नीट जमलं तर १/१६०० वर भागतं, पण पंखाच्या टोकांसाठी १/२५०० ठेवा.

ऑटो आयएसओ बंद करून सगळं मॅन्युअल ठेवा. पक्षी गवतावरून आकाशावर गेला की ऑटो फसतो, आणि तुमचा काळा ठिपका तिथूनच येतो. पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र तेच असतं. उन्हातल्या सुक्या गवतावर मीटर लावून एकदा उजेड ठरवा. एफ ६.३, १/२५०० ला स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० च्या जवळ बसतं, सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात १६००. डोक्यावरून गेला आणि पोट सावलीत असेल तर सव्वा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). कापशी (पांढऱ्या पोटाची छोटी घार) असेल तर उलट पाऊण स्टॉप कमी, नाहीतर पांढऱ्या पोटातली पिसं उडतात.

टिंबीवाले_काका
फोकसचं मी सांगतो. अख्ख्या चौकटीचा ऑटो एरिया बंद, मधला छोटा झोन चालू. मागोवा कितपत चिकट ठेवायचा हे सेटिंग मेनूत सापडेल, ते ‘संथ’कडे न्या, म्हणजे एखादी काडी आड आली तरी फोकस पक्षी सोडत नाही. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकस कुठल्या अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) असेल तर लांबच्या टप्प्यावर. भोवत्या येण्याआधीच त्याच्या वाटेवरच्या गवतावर एकदा फोकस नेऊन ठेवा. दूरवरून शोधत आलेला फोकस गवत पकडतो, जवळपासून आलेला पक्षी पकडतो.

लेन्सपुढे स्वस्त यूव्ही काच असेल तर काढा. आणि गाडीतून काढत असाल तर एसी पंधरा मिनिटं आधी बंद, दोन्हीकडच्या काचा खाली, इंजिनही बंद. खिडकीत गार-गरम हवा मिसळली की ती थरथर लेन्सच्या तोंडाशीच होते. बॉनेटवरून तर मुळीच काढू नये. खिडकीवर तांदूळ किंवा राजम्याची पिशवी पुरते. ट्रायपॉडचं ओझं भोवत्यासाठी कशाला?

उभं कुठे राहायचं: शिकारी पक्षी वाऱ्याच्या तोंडाशी उडतात आणि उतरतात. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून, सकाळचा सूर्य आग्नेयेकडून. म्हणून पूर्वेच्या काठावर थांबलं की दोन्ही पाठीशी येतात आणि पक्षी तोंड तुमच्याकडे करून येतो. भोवत्या एकाच कडेवरून परत परत फिरतो. पहिल्या फेरीत फक्त वाट बघा, कॅमेरा दुसऱ्या फेरीला.

मधुबाज_मांडवी
त्या ‘शिक्र्या’बद्दल: चोच सरळ, बारीक असेल तर तो पावशा. हिवाळ्यात ‘पेरते व्हा’ ओरडत नाही, म्हणून दरवर्षी कुणीतरी फसतं. छोटे पक्षीसुद्धा फसतात, त्यालाच हाकलतात. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडेदार, पाय लांब पिवळे, गळ्यावर मधोमध एक काळसर रेघ. पावशाचे पाय आखूड, दोन बोटं पुढे दोन मागे. पायाचा फोटो टाका, वाद मिटेल.

भोवत्या आणि घार यांतही गफलत होते. घारीची शेपटी खाचेची, ती सतत वळवत राहते. भोवत्या कमी उंचीवर, पंख उथळ ‘व्ही’मध्ये. गडद चॉकलेटी अंगावर डोकं-गळा मलईरंगी असेल तर दलदली मादी किंवा पिल्लू. कमरेवर ठळक पांढरा पट्टा दिसला तर तो दलदली नाही, पांढुरका किंवा माँटेग्यूचा भोवत्या असेल.

पाणथळ_३९०
पाय आखूडच आहेत. पावशाच. बर्स्ट उघडून पाहिले, काड्या दुहेरी. रविवारी उजाडतानाच जातो. जानेवारीत उत्तरायणनंतर गेलेलं चालेल ना?

टिंबीवाले_काका
चालेल, पण १४ आणि १५ तारखेच्या आसपास, पतंगांच्या दिवसांत, गावाजवळच्या झाडांकडेही दुर्बीण फिरवा. मांज्यात अडकलेली घार दिसली तर दोरा ओढू नका, पंखात खोल जातो. झाडाकडचा दोरा कापा, पंखातला तसाच राहू द्या. जाड टॉवेल टाकून आधी पाय धरा, धोका नख्यांचा, चोचीचा नंतर. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी पाजू नका, १९६२ (पशू-पक्ष्यांसाठीची हेल्पलाइन) लावा.