मराठी माध्यमाच्या इंग्रजी वर्गाला समाजमाध्यमांची अनौपचारिक जोड कशी द्यावी?

प्रश्न: खडू_आणि_फळा (मुंबई, पूर्व उपनगर)

सर्वांना नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववी आणि दहावीला इंग्रजी शिकवते. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाल्यामुळे माझ्याकडे येईपर्यंत मुले आठ वर्षे हा विषय शिकलेली असतात. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे ती व्यवस्थित लिहितात, शब्दार्थ तोंडपाठ असतात. पण ‘काल संध्याकाळी काय केलेस ते इंग्रजीत सांग’ म्हटले की सगळ्या माना खाली जातात. हीच मुले घरी गेल्यावर क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकतात, मोबाइलवरच्या खेळात अनोळखी खेळाडूंशी तोडकेमोडके का होईना पण इंग्रजीत बोलतात आणि रीलखाली बिनधास्त इंग्रजी शेरे मारतात. म्हणजे शाळेबाहेर त्यांचे इंग्रजी चालूच असते. वर्गात येताना मात्र ते चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवले जाते.

या दोन्हींची सांगड घालावी म्हणून पालकांची संमती घेऊन मी व्हॉट्सॲपवर वर्गाचा गट काढला. सध्या त्यावर सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार येतात, चार-पाच हुशार मुले माझ्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि उरलेला वर्ग नुसता वाचत बसतो. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की तोंडी परीक्षेच्या 20 गुणांपैकी काही गुण या गटासाठी राखून ठेवावेत, म्हणजे मुले आपोआप लिहू लागतील. मला ते पटत नाही, पण नेमके का पटत नाही हे सांगताही येत नाही. शिवाय मुलांच्या चुका गटावरच दुरुस्त कराव्यात की नाही आणि या कामासाठी व्हॉट्सॲपपेक्षा बरे साधन आहे का, याविषयीही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर: दुपारचे_सत्र

मॅडम, तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. गुण लागू केले की मुले गटावर जरूर येतील; पण येतील ती गाइडमधला उतारा किंवा चॅटजीपीटीने लिहून दिलेला परिच्छेद घेऊन, आणि तो कोणाचा आहे हे शोधण्यात तुमची संध्याकाळ जाईल. शाळेबाहेरचे शिकणे हे मुळात कोणी मोजत नाही म्हणूनच घडते. रीलखाली चुकीचे इंग्रजी लिहिणारा मुलगा तिथे घाबरत नाही, कारण तिथे लाल पेन नसतो आणि समोरच्याला त्याच्या व्याकरणापेक्षा त्याच्या म्हणण्यात रस असतो. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी 1980 च्या दशकात हेच मांडले होते, की मनावर दडपण असले तर कानावर पडणारी भाषा आत झिरपत नाही. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायला हवे असे नाही, पण एवढा मुद्दा आपल्या वर्गात रोज दिसतो.

माझी पहिली सूचना अशी, की लिखाणाआधी आवाजाकडे वळा. मुलांना व्हॉइस मेसेज पाठवायला सांगितल्यावर काय घडते, ते एकदा एखाद्या मुलीच्या शेजारी बसून पाहण्यासारखे आहे. ती बोलते, पाठवण्याआधी स्वतःच ऐकते, तोंड वाकडे करते, पुसून टाकते आणि पुन्हा बोलते. दुसऱ्या वेळी ‘ही गो’चे ‘ही गोज’ झालेले असते. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या कानाला खटकले म्हणून. आपल्यापर्यंत येतो तो अर्ध्या मिनिटाचा शेवटचा संदेश. खरा सराव त्याआधीच, पुसून टाकलेल्या बोलण्यात झालेला असतो. तो आपल्याला दिसत नाही, त्यामुळे त्याला गुण देता येणार नाहीत, आणि गुण द्यायला लागलो तर हा सराव सोडून मुले लिहून आणलेले वाचून दाखवू लागतील.

दुसरी गोष्ट विषयाची. ‘माय मदर’, ‘अ रेनी डे’ असले विषय गटावर नेले की गट मरतो. दहावीच्या प्रश्नपत्रिकेतला ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’चा, म्हणजे दिलेल्या मताविरुद्ध मत मांडण्याचा प्रश्न जसाच्या तसा तिथे टाकणाऱ्यांचे तर मला नवलच वाटते, मुलांना परीक्षेचा वास लांबून येतो. आमच्याकडे सर्वाधिक चाललेला विषय मुलांनीच काढला. एका मुलाने रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीवरील पाटीचा फोटो टाकला आणि मंचुरियनचे स्पेलिंग बरोबर आहे का, असे विचारले. संध्याकाळपर्यंत इतरांनी आपापल्या नाक्यावरचे फोटो आणले. एका पाटीवर मधला ‘एच’ गायब, दुसरीवर ‘यू’च्या जागी ‘ओ’, तिसरीवर शेवटचा ‘ए’ उडालेला. एकाचे म्हणणे, बहुसंख्य पाट्यांवर आहे तेच बरोबर धरावे. दुसरीने नकाशातला मंचुरिया प्रांत शोधून काढला. आणि एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने इंग्रजी विकिपीडिया वाचून सांगितले, की हा पदार्थ चीनमधला नसून मुंबईतलाच आहे आणि 1975 साली तो पहिल्यांदा करण्याचे श्रेय नेल्सन वँग या आचाऱ्यांना दिले जाते. हा सगळा वाद रोमन लिपीतले मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची खिचडी करून झाला, आणि मी तो तसाच होऊ दिला.

दुरुस्तीविषयी विचारलेत. गटावर दुरुस्ती करू नये, पण ती सोडूनही देऊ नये. त्या वादातली तीन वाक्ये मी पुढच्या तासाला नावे न घेता फळ्यावर लिहिली आणि ‘हेच वर्तमानपत्रात छापायचे असेल तर कसे लिहाल’ एवढेच विचारले. वाक्य आपले आहे हे ज्याला कळायचे त्याला कळले. वर्गाचे काम वर्गातच व्हावे आणि गट गप्पांसाठी मोकळा राहावा, ही सीमा पाळली तर दोन्ही टिकतात.

उत्तर: लालबागचा_पालक

मी शिक्षक नाही. माझी मुलगी नववीत आहे. एक बाजू तुमच्यापैकी कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बहुतेक घरांत तो नंबर आईचा किंवा वडिलांचा असतो, आणि मुलीचा स्वतःचा असेल तर काळजी आणखी वाढते. व्हॉट्सॲपची स्वतःची किमान वयाची अट 13 वर्षांची असली, तरी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असे तत्त्व घातले आहे. सहीचा एक कागद घेऊन शाळेने मोकळे होऊ नये; गटात कोण आहे, तो किती वाजता बंद होतो आणि वर्ष संपल्यावर त्याचे काय करणार, हेही पालकसभेत सांगावे. आमच्याकडे रात्री नऊनंतर संदेश येत राहिले, म्हणून मी मुलीला काही दिवस गटातून बाहेर काढले होते. वेळ ठरवून दिल्यावर ती परत गेली.

उत्तर: जुनी_वही

दुपारचे सत्र यांचा अनुभव वाचून आनंद झाला, परंतु त्यांच्या उत्साहाला थोडी मुरड घालावीशी वाटते. अनौपचारिक शिक्षणाविषयी बोलताना ‘मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप शिकतात’ या टोकाला जाण्याची आपल्याकडे सवय आहे. 1999 साली सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि मुले कोणी न शिकवता तो वापरू लागली, हा दाखला सतत दिला जातो. त्याच सुगत मित्रा यांनी पुढे 2009 पासून ब्रिटनमधील आजी-आजोबांच्या वयाच्या स्वयंसेवकांना स्काइपवरून भारतातील मुलांशी जोडून दिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते स्वयंसेवक शिकवत नव्हते. विचारत होते, ऐकत होते, कौतुक करत होते. म्हणजे मोठ्या माणसाची गरज संपलेली नव्हती, तिचे स्वरूप तेवढे बदलले होते.

माझी मुख्य शंका भाषेची आहे. इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदे मराठीत नाहीत, त्यामुळे आपली मुले ती सहज गाळतात, आणि ‘आय हॅव’ऐवजी ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ हे वाक्य तर अख्ख्या वर्गाला बरोबर वाटते. सारख्याच चुका करणारी चाळीस मुले एकमेकांशीच बोलत राहिली, तर आत्मविश्वास वाढेल, पण त्याबरोबर चूकही पक्की होईल. फळ्यावर तीन वाक्ये घेण्याचा उपाय चांगला आहे, पण पुरेसा नाही. मुलांसमोर वर्गाबाहेरचा, इंग्रजी सहज लिहिणारा वाचक यायला हवा.

यासाठी मी सोप्या इंग्रजीतील विकिपीडिया सुचवीन. 2001 पासून चालू असलेल्या या आवृत्तीत मर्यादित शब्द आणि आखूड वाक्ये वापरण्याचा संकेत आहे, त्यामुळे नववीच्या मुलाला तो वाचता येतो आणि प्रयत्नाने लिहिताही येतो. खाते काढायला फोन नंबर लागत नाही, ईमेलही सक्तीचा नाही. खऱ्या नावाऐवजी टोपणनाव घेतले की लालबागच्या पालकांची काळजीही बरीच कमी होते. नवीन लेख लिहिण्याच्या भानगडीत मात्र मुलांना पाडू नये. विश्वासार्ह संदर्भ नसलेले लेख तिथे झटपट काढून टाकले जातात. आपल्या भागातल्या स्थानकाचा, राणीच्या बागेचा किंवा एखाद्या किल्ल्याचा लेख उघडावा आणि त्यात संदर्भासह एखादे वाक्य जोडावे किंवा अवघड वाक्य सोपे करावे. कधी कधी जगाच्या दुसऱ्या टोकाचा कोणी संपादक ते वाक्य उलटवतो आणि का उलटवले ते एका ओळीत इंग्रजीत लिहितो. ती एक ओळ समजून घेण्यासाठी मुले जेवढी डोकेफोड करतात, तेवढी ती धड्यातल्या कुठल्याही परिच्छेदासाठी करत नाहीत. चर्चापानावर जाऊन विचारणा करायची असेल, तर नम्रपणे आणि मुद्द्याला धरून कसे लिहावे हेही त्या निमित्ताने शिकवता येते. पानाच्या इतिहासात कोणी काय बदलले ते कायम राहते, त्यामुळे शिक्षकाला गुण न देताही प्रगती दिसते.

जाता जाता एक इशारा. कोणत्याही एका साधनात जीव गुंतवू नका. एडमोडो हे शिक्षकांचे लाडके संकेतस्थळ 2022 च्या सप्टेंबरात बंद झाले, आणि मुलांच्या छोट्या चित्रफितींसाठी वापरले जाणारे फ्लिपग्रिड पुढे मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये विलीन होऊन 2024 मध्ये त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: खडू_आणि_फळा

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. गुणांचा विचार सोडून दिला आहे, आणि वेळेची मर्यादा उद्याच घालते. दोन अडचणी राहतात. माझ्या वर्गात निम्म्या घरांत एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. रात्री ते परत येईपर्यंत गटावरचा विषय शिळा झालेला असतो. दुसरी अडचण अशी, की मुख्याध्यापकांना या उपक्रमाचा काहीतरी पुरावा दाखवावा लागणार आहे.

उत्तर: संगणक_कक्ष

एका फोनच्या घरांसाठी वैयक्तिक सहभागाचा आग्रह सोडणे हाच मार्ग आहे. मुलांचे चार-पाच जणांचे कंपू राहत्या जागेप्रमाणे पाडावेत, म्हणजे एकाच चाळीतली किंवा सोसायटीतली मुले एका फोनभोवती बसू शकतील. अशा वेळी फोन एकाच्या हातात असला, तरी काय बोलायचे यावरची घासाघीस सगळ्यांची होते, आणि ती बहुतांशी मराठीत झाली तरी बिघडत नाही. विषय एका संध्याकाळीपुरता न ठेवता शुक्रवारी देऊन सोमवारपर्यंत उघडा ठेवावा. रविवारी बहुतेकांचे वडील घरी असतात.

नंबरांचा प्रश्न असेल, तर सूचनांसाठी व्हॉट्सॲप आणि बोलण्यासाठी दुसरी जागा असे वेगळे करता येते. पॅडलेटसारख्या भिंतफलकावर शिक्षकाने दिलेल्या दुव्यावरून मुले खाते न काढता मजकूर, फोटो किंवा स्वतःचा आवाज टाकू शकतात, आणि शिक्षकाने मान्यता दिल्याशिवाय काहीही प्रसिद्ध होणार नाही अशी सोय त्यात आहे. मोफत खात्यात मोजकेच फलक मिळतात, त्यामुळे जुना रिकामा करून पुन्हा वापरावा लागतो. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी शाळेच्या संगणक कक्षात मधल्या सुट्टीत एक संगणक मोकळा ठेवा. आमच्याकडे त्यावर रांग लागते ती अभ्यासासाठी कमी आणि इतरांनी काय लिहिले ते पाहण्यासाठी जास्त, पण तेही वाचनच आहे.

पुराव्याचे म्हणाल, तर मुख्याध्यापकांना आकडेवारी देऊ नका; आज आकडे दिले तर पुढच्या वर्षी ते वाढवून मागतील. महिन्यातून एकदा फलकावरच्या सात-आठ नोंदी, ज्यांच्या आहेत त्यांना विचारून आणि नावे हवी तशी ठेवून, छापून सूचनाफलकाशेजारी लावा. मूळ फलक रिकामा करण्याआधी त्याची पीडीएफ प्रत काढून शाळेच्या संगणकात ठेवा, आणि फोटोत मुलांचे चेहरे किंवा गणवेशावरचा शाळेचा बिल्ला दिसत असेल, तर तो फोटो छापण्यातून वगळा.