लोकल रेडिओवर फुटबॉल कॉमेंट्री करायचीये, सुरुवात कशी करू?

डावा_विंगर:
मंडळी, सल्ला हवाय. दोन वर्षं मैदानावर माइकवरून अनाउन्समेंट करतोय, म्हणजे टीमची नावं, कोण आत कोण बाहेर, कोणाची गाडी आडवी लागलीये वगैरे. आता एका लोकल स्टेशनने दहा मिनिटांचा डेमो मागितलाय. क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मधे श्वास तरी घेता येतो, इथे पाच मिनिटांतच धाप लागते. डेमोत काय टाकू? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडावं का?

खडूस_रेफरी:
नोकरी अजिबात सोडू नका. लोकलला बहुतेक ठिकाणी मॅचमागे मानधन असतं, सीझन संपला की फोन येणंही बंद. टिकतात ते बातम्या वाचणारे, मुलाखती घेणारे, एडिटिंग येणारे, कॉमेंट्री त्याच्या जोडीला. डेमोत नुसते गोल जोडून पाठवू नका, गोल झाल्यावर कोणीही ओरडतं. शून्य-शून्य चाललंय, बॉल मिडफिल्डमध्येच घुटमळतोय, अशी सलग दहा मिनिटं द्या, पारख तिथेच होते.

बारावा_गडी:
टीव्हीची सवय मोडा आधी. "काय पास दिलाय!" टीव्हीवर खपतं, रेडिओवर ऐकणारा विचारतो कुठून कुठे? 22 जानेवारी 1927 ला बीबीसीने आर्सेनल-शेफील्ड युनायटेडची मॅच लाइव्ह ऐकवली तेव्हा रेडिओ टाइम्समध्ये आठ चौकोन पाडलेला मैदानाचा नकाशा छापला होता, टेडी वेकलम खेळ सांगत होते आणि शेजारचा माणूस मधेमधे चौकोनाचा नंबर पुकारत होता. तसाच नकाशा काढून घरातल्या कोणालातरी मैदानाकडे पाठ करून बसवा, बॉल कुठेय ते तुमचं ऐकून त्यावर बोटाने दाखवत राहायचं. बोट अडलं की समजा तुम्ही गंडलात.
आणि स्कोअर सारखा सांगा हो, कोणीतरी रेडिओ आत्ता लावलेला असतो. बेसबॉलचे रेडिओ कॉमेंटेटर रेड बार्बर त्यासाठी समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे.

रविवारचा_गोली:
वरच्या सगळ्याला +1. माझी पहिली मॅच भर पावसात होती, हाफटाइमनंतर सगळ्या जर्सी चिखलाने एकसारख्या, 6 आणि 8 मधला फरकच दिसेना. गोल आठ नंबरवाल्याचा आणि मी चांगली तीन मिनिटं सहाचं कौतुक करत बसलो, बाजूचा एक्स्पर्ट टेबलाखालून लाथा मारतोय तरी कळेना. तेव्हापासून नंबरासमोर बुटांचा रंग, केस, धावायची ढब असं लिहून ठेवतो, आणि तासभर आधी जाऊन नावाचा उच्चार खुद्द प्लेयरलाच विचारतो. चुकलात तर "गोल आठचा, मी सहा म्हणालो" एवढं बोलायचं आणि पुढे जायचं, माफीनामा वाचत बसलात तर तेवढ्यात कॉर्नर होऊन जातो. एक्स्पर्टला बोलू द्यायचं ते बॉल बाहेर गेला की, मधे नाही.

डावा_विंगर:
धन्यवाद सगळ्यांना. काल धाकट्या बहिणीला पाठमोरं बसवलं, दहा मिनिटांत बोट चार वेळा अडलं, चारही वेळा थ्रो-इननंतर. कोणत्या बाजूने टाकला हे मी सांगतच नव्हतो म्हणे.

खडूस_रेफरी:
बहिणीला सोडू नका. डेमो अजून एक मॅच करून मग पाठवा.