अनुभव धागा : नेरळ ते माथेरान, चालत

धागाकर्ती :
माथेरानवर काहीही वाचायला घ्या, पहिल्या ओळीत मिनी ट्रेन आणि दुसऱ्या ओळीत घोडा. चालत गेलेल्यांचं कुणी लिहीत नाही. उद्योगपती आदमजी पीरभॉय यांची ही मिनी ट्रेन 1907 साली सुरू झाली. त्याआधी नेरळला उतरलेला माणूस घोड्यावर नाही तर पालखीत बसून वर जाई, आणि खिसा हलका असेल तर चालत. नेरळ जवळजवळ सपाटीवर, माथेरान सुमारे 800 मीटरवर. पूर्ण वाट चालला असाल किंवा अर्धी, लिहा. पॉइंटांच्या याद्या मात्र नकोत, त्या ढिगाने मिळतात.

नेरळची माहेरवाशीण :
माझे वडील वर एका हॉटेलात किचनला होते. सीझनमध्ये त्यांना खाली यायला फुरसत नसे, म्हणून आईच आम्हा भावंडांना घेऊन वर जायची. चालत जाण्याचं कारण एकच, टॅक्सीचे पैसे. निसर्ग वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

घाटरस्ता वळणं घेत जातो, आई वळणं तोडणाऱ्या आडवाटांनी न्यायची. एक चढ संपला की परत डांबर, डांबर ओलांडलं की परत चढ. वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनापर्यंत आम्ही उड्या मारत जायचो, पुढे तोंडं बंद. मे महिन्यात वाड्यांवरच्या ठाकर बायका करवंदं-जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन झपझप पुढे निघून जात. "मावशी, किती राहिलं?" विचारलं की "हे काय, आलंच." ते कधीच आलेलं नसायचं.

दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे माथेरानात मोटारींना बंदी. तिथे आई आमची तोंडं पदराने पुसायची, चपला झटकायला लावायची. वडिलांच्या शेठसमोर माखून जायचं नाही! आणि खरी लाल माती तर दस्तुरीच्या पुढेच. हॉटेलच्या मागच्या दाराशी पोहोचेपर्यंत सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत एकाच रंगाचे. वडील बघून हसायचे आणि आधी पाय धुवायला पिटाळायचे.

भिजलेला डोंबिवलीकर :
आमचा ग्रुप पावसात रुळांच्या कडेने जातो. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) गाडी बंद असते, वरची अमन लॉज–माथेरान शटल तेवढी चालू. रूळ दोन फुटी, चढ बेताचा, त्यामुळे दम लागत नाही. पण वळसे एवढे की तासभर चाललं तरी नेरळ तिथंच खाली दिसतं. ढग बाजूला झाला की कड्यावरचा गणपती एकदम समोर. त्या एका क्षणासाठी सगळं माफ.

निवृत्त रेल्वेवाला :
डोंबिवलीकर, उत्साह समजतो, पण रुळांवरून विनापरवाना चालणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. पावसात प्रवासी गाडी नसली तरी कामाची गाडी येऊ शकते. काही ठिकाणी एका हाताला कापलेला खडक, दुसऱ्या हाताला दरी; बाजूला व्हायला जागा नाही. वर दरड ओली झालेली. 26 जुलै 2005 च्या पावसाने हा मार्ग किती ठिकाणी उखडला होता ते मी पाहिलं आहे. भराव वाहून गेलेले, रूळ शिडीसारखे हवेत लोंबकळत होते. गाडी पुन्हा धावायला 2007 उजाडलं. दगड सुटायला 26 जुलैच लागते असं नाही.

भिजलेला डोंबिवलीकर :
काका, मान्य. पण मग रस्त्याने चालायचं तर ओम्नीवाले वळणावर अंगावर येतात, त्याचं काय?

निवृत्त रेल्वेवाला :
सकाळी सातच्या आत निघा. टॅक्स्या भरायला वेळ लागतो.

आईसोबत अर्धीच वाट :
आम्ही फक्त दस्तुरी ते बाजारपेठ चाललो, तेही आईची सत्तरी उलटल्यावर. तीनेक किलोमीटर, पण सावली दाट. जांभूळ, हिरडा, अंजनी. वाटेत माकडांनी पिशवी तपासली, ते सोडा.

आईने हातरिक्षात बसायला साफ नकार दिला. "माणसाने ओढायचं आणि मी बसायचं?" रिक्षावाले दादा शांतपणे म्हणाले, "आजी, तुम्ही नाही बसलात तर माझं कसं चालायचं?" आई गप्प झाली. शेवटी बॅगा त्यांच्या रिक्षात, भाडं पूर्ण, आणि आई शेजारून चालत. दोघं वाटभर गुडघेदुखीवर बोलत होते. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं, तेव्हा आईने पहिलं विचारलं ते या दादांना ई-रिक्षा मिळणार का.

मातीच्या रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकबद्दल माझं मत : चालणाऱ्याला मातीच बरी. ब्लॉकवर शेवाळ आणि घोड्याची लीद एकत्र आली की बुटांची पकड सुटते. घोडेही घसरतात. पण ओझं ओढणाऱ्याला ब्लॉक सोपे, हे त्या दादांनीच सांगितलं. आतल्या वाटा मातीच्या राहाव्यात, एवढं तरी व्हावं.

पनवेलचा पाहुणा :
थोडं विषयांतर. आम्ही पनवेलकडून पायथ्याचं धोदाणी गाव गाठतो आणि सनसेट पॉइंटला वर निघतो. वाट उभी, पण गाड्यांचा आवाज नाही. पलीकडे चौक गावाच्या बाजूनेही वाटा आहेत. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिकडूनच चढला आणि माथेरान 'शोधलं' म्हणे. त्याच्या आधी डोंगरावर येणारेजाणारे धनगर, ठाकर, कातकरी बहुधा हरवलेले असावेत.

धागाकर्ती :
पाहुणे, विषयांतर मंजूर. मला निरोपात एकीने विचारलंय, आठ वर्षांच्या मुलाला जमेल का?

नेरळची माहेरवाशीण :
जमेल हो. जुम्मापट्टीपर्यंत टॅक्सीने जा, तिथून चाला. पाणी खालूनच भरून घ्या. पोराला नवे बूट घालू नका, आणि उतरताना टॅक्सी करा. चढताना कुरकुर करणारी मुलं उतरताना पळतात, आणि त्या उतारावर पळणाऱ्याला धरणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.