लघवीची पिशवी मोठी करायची की तिचं तोंड आवळायचं?

प्रश्न:
मुलगी ९ वर्षांची, स्पायना बायफिडा (जन्मतः मणक्यात फट, पिशवीच्या नसा नीट काम करत नाहीत). दिवसातून ५ वेळा सीआयसी (कॅथेटर म्हणजे नळी घालून लघवी काढणं), पिशवी सैल ठेवणारं ऑक्सिब्युटिनिन चालू, तरी मधल्या वेळेत पॅड भिजतं. युरोडायनॅमिकमध्ये (पिशवीतला दाब मोजायची तपासणी) पिशवी १४० मिली भरली तेव्हाच दाब ४५ सेंमी पाणी. उजव्या किडनीला थोडी सूज. सर्जन म्हणतात, आतडं लावून पिशवी मोठी करू आणि बेंबीतून कॅथेटरची वाट काढू. नुसतं पिशवीचं तोंड आवळून भागणार नाही का?

उत्तर १:
नाही. सध्या लघवी गळते म्हणून दाब थोडा तरी सुटतोय. तोंड आवळलं की तोच दाब किडनीवर जाणार. ४० च्या वरचा दाब धोक्याचा धरतात. (वय + १) × ३० या हिशोबाने क्षमता ३०० मिलीच्या आसपास हवी, इथे निम्मीही नाही. पिशवीच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन पाहिलंय का, हे मात्र आधी विचारा. भिंत जाड आणि ताठ झाली असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

लहान आतड्याचे साधारण २०-२५ सेंमी घेतात, शेवटचे १५-२० सेंमी सोडून, कारण बी-१२ तिथे शोषलं जातं. तुकडा उभा चिरून सपाट करूनच शिवायचा. नळी तशीच ठेवली तर आतडं आकुंचत राहतं नि दाब परत चढतो. पिशवीचं तोंडही सैल असेल तर त्याच वेळी स्लिंग (तोंडाला आधार देणारी पट्टी) घालता येते.

उत्तर २:
बेंबीची वाट म्हणजे मित्रोफानॉफ, अपेंडिक्सची नळी. पहिले ३-४ आठवडे कॅथेटर आतच. पुढे बहुतेक तक्रारी कातडीपाशी या वाटेचं तोंड आकसल्याच्या. कॅथेटर अडला तर जोर लावू नका, बारीक नंबरचा घालून पाहा आणि त्याच दिवशी दाखवा.
पिशवीला जोडलेलं आतडं चिकट स्राव सोडत राहतं. रोज ६० मिलीच्या सिरिंजने पिशवीत सलाईन घालून ओढा, पांढरे धागे येणं थांबेपर्यंत. यात आळस केला की खडे होतात.
आणि लॅटेक्स (रबर) टाळा, या मुलांना त्याची ॲलर्जी होऊ शकते: हातमोजे, कॅथेटर, वाढदिवसाचे फुगेसुद्धा.

प्रश्नकर्ता:
लघवीत जंतू निघाले तर?

उत्तर १:
निघणारच. ताप किंवा दुखणं नसेल तर अँटिबायोटिक नको. पोट फुगणं, उलट्या, ताप मात्र थांबवून ठेवू नका, पिशवी फाटलेली असू शकते. स्पायना बायफिडात दुखणं कमी जाणवतं, म्हणून कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: पिशवीला आतडं जोडलेलं आहे.